मराठी चित्रपटाखाली मराठी अक्षरं द्या : स्ट्रीमिंग कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतात वर्गणी घेऊन चित्रपट आणि मालिका दाखवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक,
तसंच तिथे मराठी विभाग सांभाळणारे अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी नेरूळला राहते. आमच्या घरी तुमच्यापैकी तिघांची वर्गणी आहे. पैसे कापले जाण्याआधी बँकेचा मेसेज येतो, तो मी वाचते, काही करत नाही आणि पैसे जातात. दर परवडत नाही म्हणून हे पत्र लिहीत नाही. आमच्या घरात टीव्हीसमोर सगळ्यात जास्त वेळ बसतात ते माझे वडील. त्यांना या वर्गणीत स्वतःच्या मातृभाषेतला चित्रपट नीट कळत नाही, आणि तो कळावा म्हणून तुम्हांला करावं लागणारं काम अगदी थोडं आहे. तीन वेळा तुमच्याकडे खाजगीत लिहून झालं. आता चारचौघांत लिहिते.

बाबा ८१ वर्षांचे आहेत. ठाण्याला नौपाड्यातल्या एका छापखान्यात ते कंपोझिटर होते. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी धरायची, उजव्या हाताने केसच्या, म्हणजे अक्षरांच्या पेटीच्या, खणांतून एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर उचलायचं आणि ओळ जुळवायची, हे काम त्यांनी ३४ वर्षं केलं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळांच्या प्रश्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं. छापखाना म्हणजे एकच लांबट खोली. एका भिंतीला केस लावलेल्या, चार हातांवर छपाईचं ट्रेडल मशीन, त्याच्या पलीकडे सिलिंडर मशीन. दिवसभर खडखडाट. कानात कापूस घालावा इतकंच तेव्हा लोकांना सुचायचं आणि तोही कोणी घालत नसे, कारण मग मालकांची हाक ऐकू यायची नाही.

हे सगळं साठीनंतर कानांवर आलं. डॉक्टरांनी आलेख काढून समजावलं होतं. सततच्या आवाजाने खराब होणारा कान आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीत बसतो. म्हणजे ढोल ऐकू येतो, खाली कचऱ्याची गाडी आली की कळतं, पण स, श, त, फ ही बारीक व्यंजनं गळून जातात. 'साठ' आणि 'आठ' बाबांना एकच ऐकू येतं. 'शाळा' म्हटलं की 'आळा'. दोन्ही कानांना मशीन आहे. त्याने आवाज मोठा होतो, पण कानातून गेलेलं अक्षर परत येत नाही. त्यात चित्रपटातल्या बोलण्यामागे संगीत सुरू झालं की तेही मोठं होतं आणि सगळाच काला होतो.

गडकरी रंगायतन १९७८ साली उघडलं तेव्हापासून आई-बाबा महिन्याला एक तरी नाटक बघायचे. आधी बाल्कनीची तिकिटं असायची. पुढे परवडत नसतानाही ते खालच्या रांगांत बसू लागले, कारण वर काही ऐकू येत नव्हतं. शेवटी पहिल्या रांगेत बसूनही आजूबाजूचे हसले की विनोद झाला हे कळायचं, तेव्हा त्यांनी नाटक सोडलं. आई गेल्यावर मी त्यांना नेरूळला घेऊन आले. सकाळी 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानातल्या तलावाभोवती फेरी, मग पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, दुपारी झोप आणि संध्याकाळी टीव्ही.

तुम्ही या देशात आलात ते मी आशेने पाहत होते, हे मोकळेपणाने सांगते. २०१५ साली हॉटस्टार आलं. ६ जानेवारी २०१६ ला नेटफ्लिक्सने भारतासकट १३० नव्या देशांत सेवा सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्राइम व्हिडिओ आलं. लोक नव्या मालिकांबद्दल बोलत होते. आमच्या घरी सगळ्यात मोठी गोष्ट होती सबटायटलचं बटण. केबलवर असं बटण कधी नव्हतं. मुलीने एक इंग्रजी मालिका लावून ते दाबलं, तर खाली बोलणं तर आलंच, शिवाय कंसात 'दारावर थाप', 'लांबून कुत्रं भुंकतं' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीही आल्या. बाबांनी त्या तिच्याकडून समजून घेतल्या आणि म्हणाले, "हे कोणीतरी माझ्यासारख्यासाठी लिहिलंय." त्यांना वाटलं, आता मराठीतही येईल. मलाही वाटलं.

त्यानंतर तुमच्याकडे काय काय बदललं! परदेशी चित्रपटांच्या साठ्यापासून सुरुवात झाली, मग तुम्ही स्वतः मालिका काढू लागलात, लॉकडाऊनमध्ये चित्रपट थेट घरात आले, क्रिकेट आलं, रिअ‍ॅलिटी शो आले, मोठ्या कंपन्या एकमेकींत मिसळल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. मराठीही आलं. जुने चित्रपट आले, नवे आले, मराठी मालिका आल्या. त्याबद्दल मनापासून आभार. पण मराठी चित्रपट लावून ते बटण दाबलं की आमच्या टीव्हीवर यादीत एकच नाव येतं : इंग्लिश. क्वचित त्याच्या जोडीला हिंदी. मराठी नाही.

इंग्रजी तर आहे, मग अडचण काय, असं तुमच्यापैकी एकीच्या प्रतिनिधीने मला फोनवर विचारलं होतं. अडचण काय ते नीट सांगते, कारण बहुतेक तुमच्यापैकी कोणी बहिऱ्या माणसाच्या शेजारी बसून मराठी चित्रपट बघितलेला नसेल.

बाबा ओठ वाचतात. ऐकू कमी येणारी बरीच माणसं न शिकवता हे करू लागतात. अर्धवट ऐकू आलेला स्वर, ओठांची हालचाल आणि प्रसंग यांची जुळणी करून ते वाक्य ओळखतात. ओठ मराठी बोलत असतात. त्याच वेळी खाली इंग्रजी अक्षरं येतात, तीही मराठी शब्दांच्या क्रमाने नाही, वाक्य उलटंपालटं करून आणि आखडून. ओठांवर 'जेवलास का रे' आणि खाली भलताच शब्दांचा क्रम. दोन्ही एकत्र वाचता येत नाही. त्यांना इंग्रजी अक्षरं येतात, पण एक ओळ वाचेपर्यंत दुसरी येते. आणि कळलं तरी काय कळतं? 'अगं बाई', 'मेल्या', 'कशाला उगीच', 'बरं का', या सगळ्यांची तिथे एकसारखी सपाट वाक्यं झालेली असतात. ज्या माणसाने जन्मभर मराठीतला एकेक काना, मात्रा, वेलांटी बोटांनी उचलून जागेवर बसवली, त्याला शेवटी मराठी चित्रपट दुसऱ्या भाषेतून अंदाजाने बघावा लागतो. दहा मिनिटांनी ते "काय म्हणाला?" विचारतात. मी थांबवते, कानाशी तोंड नेऊन सांगते. वीस मिनिटांनी तेच विचारायचा त्यांना संकोच वाटू लागतो आणि ते नुसतं चित्र बघत बसतात. मला ते बघवत नाही.

म्हणून मागच्या वर्षी गणपतीनंतर मी एक काम केलं. त्यांनी आणि आईने लग्नानंतर ठाण्यात टॉकीजला पाहिलेला एक कृष्णधवल मराठी चित्रपट तुमच्यापैकी एका सेवेवर होता. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून मी तो बघत बसले आणि थांबवत थांबवत त्यातलं प्रत्येक वाक्य शंभर पानी वहीत लिहून काढलं. कोण बोललं त्याचं आद्याक्षर समासात. गाणीही पूर्ण. नऊ रात्री लागल्या, ९४ पानं भरली. वही बाबांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी आधी काय केलं असेल, तर लाल पेन मागितलं. दोन दिवस बसून त्यांनी माझं शुद्धलेखन तपासलं, प्रुफाच्या खुणा करून. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाच साठ-सत्तर निघाल्या.

रविवारी दुपारी आम्ही चित्रपट लावला. वही त्यांच्या मांडीवर, वर टेबललॅम्प. मी ओळीवरून बोट फिरवत होते, म्हणजे कुठल्या वाक्यावर आहोत ते चुकायला नको. वर बघायचं, खाली बघायचं, पुन्हा वर. सव्वादोन तासांचा चित्रपट बघायला चार तास लागले. एका प्रसंगात ते पात्र बोलायच्या आधीच हसले, कारण डोळे पुढच्या ओळीवर गेले होते. ६१ व्या पानावर थांबले आणि बोट ठेवून म्हणाले, "हे तर तुझी आई म्हणायची." आई रागावली की एक ठरलेलं वाक्य बोलायची. आम्ही सगळे ते तिचंच समजत होतो. ते त्या चित्रपटातलं होतं. दोघांनी एकत्र पाहिलेल्या चित्रपटातून तिने ते उचललं होतं, हे बाबा विसरून गेले होते.

तो चित्रपट त्यांना आईच्या वर्षश्राद्धाला पुन्हा बघायचा होता. नोव्हेंबरात मी शोधला, तर तिथे नव्हता. आवडत्यांच्या यादीत चित्र होतं, त्यावर बोट ठेवलं की 'हे आता उपलब्ध नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. कधी गेला, कुठे गेला, परत येणार का, काही नाही. ही कंपनी कोणती ते मी मुद्दाम लिहीत नाही. या पत्रातली गोष्ट कोणा एकीची नाही, आणि एकीने माफी मागून बाकीच्यांनी सुटावं असं मला नको आहे.

आता माझ्या तक्रारी एकेक मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, अर्थात सबटायटलची. हे जमणार नाही असं तुम्ही म्हणू शकत नाही. २०२१ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेला ३१ भाषांत सबटायटल होती. कोरियातलं बोलणं एवढ्या भाषांत लिहून काढता येतं, तर मराठी बोलणं मराठीत लिहून काढणं अवघड कसं? त्यात भाषांतरच नाही! संवाद लेखकाने देवनागरीत लिहिलेले असतात, नटांनी ते पाठ केलेले असतात. इंग्रजी सबटायटल करताना कुठलं वाक्य किती मिनिटं किती सेकंदांनी सुरू होतं आणि कधी संपतं हेही आधीच मोजून झालेलं असतं. सबटायटलची फाइल म्हणजे तरी काय, अनुक्रमांक, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि ओळ. एका चित्रपटात अशा हजार-दीड हजार ओळी. त्या वेळा तशाच ठेवून इंग्रजीच्या जागी मूळ मराठी ओळ घालायची. पूर्ण चित्रपटाची अशी फाइल मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा लहान असते. मी हे एकटीने, हाताने, नऊ रात्रींत केलं आहे. तुमच्याकडे माणसं आहेत, साधनं आहेत, मूळ संहिता मागून घेता येतात. यंत्राकडून लिहून घेतलंत तरी माझी हरकत नाही, फक्त ते मराठी येणाऱ्या माणसाने तपासलेलं असू द्या.

आणि हे कंपन्यांनी पूर्वी केलेलं आहे. अमेरिकेत बहिऱ्या लोकांची नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ ही संघटना नेटफ्लिक्सच्या विरोधात कोर्टात गेली होती. २०१२ साली तडजोड झाली आणि दोन वर्षांत, म्हणजे २०१४ पर्यंत, तिथल्या स्ट्रीमिंगवरच्या शंभर टक्के कार्यक्रमांना कॅप्शन द्यायचं ठरलं. इंग्रजी बोलण्याखाली इंग्रजी अक्षरं. आमचं मागणं नेमकं तेच आहे. तिथल्या आजोबांना मिळालं ते इथल्या आजोबांना मिळावं, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढायला लागू नये.

कायद्याचं म्हणाल तर तोही आमच्या बाजूने बोलतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ध्वनिवर्णन (पडद्यावर दिसतं ते बोलून सांगणं), सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांची सोय व्हावी म्हणतो. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतली आचारसंहिता तर थेट तुमच्यासाठी आहे. दिव्यांग प्रेक्षकांना कार्यक्रम बघता यावेत म्हणून शक्य असेल तितके वाजवी प्रयत्न करावेत, असं तिच्यात लिहिलेलं आहे. चित्रपटगृहांसाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये अशीच मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'शक्य असेल तितके' या शब्दांवर बोट ठेवून कोणी थांबू नये. ज्या चित्रपटाला इंग्रजी सबटायटल आहेत, त्याला मराठी शक्य नाहीत असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

किती लोकांसाठी एवढं करायचं, हा प्रश्नही मला फोनवर विचारला गेला. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेले ५० लाखांहून जास्त लोक होते. बाबांसारखे वयाने आणि कामाने कान गेलेले कित्येक जण त्यात नसतीलच, कारण ते स्वतःला अपंग म्हणवत नाहीत, 'जरा कमी ऐकू येतं' एवढंच म्हणतात. साठीच्या पुढच्या चारांतल्या एकाहून जास्त माणसांना त्रास होण्याइतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या इमारतीत २८ बिऱ्हाडं आहेत. मी मोजलं, कानाला मशीन लावणारे सात आहेत, आणि मशीन कपाटात ठेवलेले आणखी तीन. करावे गावात आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, त्या आगरीच बोलतात. त्यांची नात त्यांना मालिका बघताना हातवारे करून सांगते.

मराठी अक्षरांचा फायदा त्यांच्यापुरताच राहणार नाही. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. मराठी फाडफाड बोलते, देवनागरी वाचताना अडखळते. वहीचं वाचन चाललं होतं तेव्हा ती मागे उभी राहून आजोबांबरोबर ओळी वाचत होती, आणि शेवटच्या तासात माझ्याऐवजी तिचंच बोट फिरत होतं. दूरदर्शनवर 'चित्रहार'मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी दाखवायला २००२ च्या सुमाराला सुरुवात झाली होती, ती लोकांची वाचनाची सवय पक्की व्हावी म्हणूनच. समोरच्या फ्लॅटमध्ये तमिळ कुटुंब आहे. ताई मराठी शिकताहेत. ऐकताना शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही, लिहिलेलं दिसलं तर कळेल, असं त्या म्हणाल्या. रात्री बाळ झोपल्यावर आवाज बंद ठेवून बघणाऱ्या आया निराळ्याच.

दुसरी तक्रार चित्रपट नाहीसे होण्याची. हक्क ठरावीक मुदतीचे असतात, मुदत संपली की काढावं लागतं, हे मला समजतं. ३१ मार्च २०२३ ला एचबीओ या अमेरिकन वाहिनीचे सगळे कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवरून गेले, पण तेव्हा ती बातमी निदान आधी कळली होती, आणि पुढे ते जिओसिनेमावर आल्याचंही कळलं. जुन्या मराठी चित्रपटाची कोण बातमी करणार? तो एका रात्री जातो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, बाबा तिथले जुने सभासद. तिथे पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलं असलं तर समोरचा माणूस वहीत बघून सांगतो, अमुक तारखेला येईल. वर्गणी घेणाऱ्याने एवढं तरी सांगावं.

तिसरी, आमच्या टीव्हीवर एका सेवेत मराठी चित्रपट 'रीजनल' नावाच्या खणात आहेत. २०११ ला ज्या भाषेचे ८ कोटी ३० लाख बोलणारे मोजले गेले, जिला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, तिचं नाव मराठी आहे, तेच लिहा. शोधायच्या चौकटीत देवनागरीत नाव टाइप केलं की काहीही सापडत नाही, तेच रोमनमध्ये टाइप केलं की चित्रपट येतो. बाबांना रोमनमध्ये मराठी नावाचं स्पेलिंग कसं करायचं ते कळत नाही, आणि खरं तर कोणालाच नक्की कळत नाही. एकाच नावाची चार स्पेलिंगं होतात.

चौथी तक्रार नियमांतल्या तक्रारींबद्दलच आहे. त्याच २०२१ च्या नियमांनुसार तुम्ही तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय. मी तिन्ही पत्रं मराठीत लिहिली. एका ठिकाणाहून पोचच आली नाही. दुसरीकडून इंग्रजीत आभाराचा ठरीव मजकूर आला. तिसरीकडून, तुमचा मजकूर आम्हांला वाचता येत नाही, कृपया इंग्रजीत पाठवा, असं उत्तर आलं. मराठी चित्रपट दाखवणाऱ्या, मराठी घरांतून वर्गणी घेणाऱ्या कंपनीत मराठी तक्रार वाचणारं एक माणूस नाही, हे मला फार लागलं.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर महिन्याला १२९ रुपये जादा दर ठेवला. पैसे भरून जाहिराती बघायला लावणं मला पटत नाही. पण ते उत्पन्न घेताच आहात, तर त्यातला थोडा भाग अक्षरांवर खर्च करा.

आमचं मागणं असं आहे. यापुढे तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाला आणि मालिकेला पहिल्या दिवसापासून मराठी सबटायटल असावीत, देवनागरीत. निर्मात्याशी करार करतानाच संवादांची संहिता मागून घ्या. सबटायटलमध्ये नुसतं बोलणं नको, आवाजही लिहा : टाळांचा गजर, कुकरची शिट्टी, दाराची कडी, कोण पडद्याबाहेरून बोललं. बोली जशी बोलली तशीच लिहा. वऱ्हाडी असो, मालवणी असो की आगरी, तिचं पुस्तकी मराठी करू नका. आधीपासून असलेल्या चित्रपटांचं काम दोन वर्षांत पूर्ण करा आणि सुरुवात जुन्यांपासून करा, कारण ते बघणारी माणसं थांबू शकत नाहीत.

कोणताही चित्रपट काढणार असाल तर किमान तीस दिवस आधी त्याच्या पानावर तारीख टाका, आणि ज्यांनी तो आवडत्यांच्या यादीत ठेवला आहे त्यांना मेसेज पाठवा. देवनागरीत शोधता आलं पाहिजे. मराठीत लिहिलेल्या तक्रारीला मराठीत उत्तर मिळालं पाहिजे. सबटायटल नसलेल्या मराठी चित्रपटावर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे बाबांना चष्मा लावून, मशीन लावून, तयारीनिशी बसल्यावर कळायला नको.

राज्य सरकारच्या मराठी भाषा विभागालाही या निमित्ताने विनंती आहे की, हा विषय त्यांनी स्वतःहून केंद्राकडे आणि या कंपन्यांकडे न्यावा.

मराठी वाचायला-तपासायला माणसं मिळत नाहीत असं उत्तर कृपा करून देऊ नका. छापखाने बंद पडले तेव्हा घरी बसलेले कंपोझिटर आणि प्रूफरीडर अजून आहेत. ठाण्या-डोंबिवलीत पाच जण बाबांच्याच ओळखीचे आहेत. त्यांना बोलवा, मोबदला द्या, ते काम चोख करतील.

आमची ती वही घरी आहे. ९४ पानं, लाल पेनाने तपासलेली. ज्या कंपनीकडे तो चित्रपट पुन्हा येईल तिला मी त्याची प्रत काढून देईन. फाइल तयार झाली की प्रकाशित करण्याआधी एकदा नेरूळला पाठवा. बाबा प्रूफ बघून दुसऱ्या दिवशी परत देतील, असं त्यांनी सांगायला सांगितलं आहे.

उत्तराची वाट पाहते. मराठीत लिहा, म्हणजे त्यांनाही वाचता येईल.

आपली,
एक वर्गणीदार
नेरूळ, नवी मुंबई